वर्कबेंच करायचाय: घरात जुन्या मयाली, धुऱ्यावर बाभूळ

पांदणरस्ता
राम राम मंडळी. मी दारव्ह्याजवळच्या एका खेड्यातला, शेती आणि सोबत छोटं दुकान. लाकूडकामाचा छंद आहे, पण काम चालतं ते ओसरीतल्या जुन्या लोखंडी पलंगावर फळी टाकून. रंधा मारला की पलंग पुढे सरकतो आणि मी त्याच्या मागे. तान्ह्या पोळ्याला पुतणीसाठी लाकडी बैल करायचा आहे, त्याच्या आत एक दणकट वर्कबेंच उभा करावा म्हणतो.

सामान असं आहे. कवेलूचं जुनं घर पाडलं, त्यातल्या सागाच्या मयाली, म्हणजे तुळया, ठेवल्यात. साधारण ५ बाय ६ इंचाच्या, ९ फूट लांब. मागच्या वर्षी वादळात धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, एक बाभूळ पडली, तिचं खोड शेतातच आहे. सागाची चार झाडंही धुऱ्यावर उभी आहेत, त्यातलं एखादं कापावं का हाही विचार आहे.

हत्यारं साधीच: लोखंडी रंधा, दोन करवती, पटाश्या, गुण्या, हँड ड्रिल. दुपारची लाइट बेभरवशाची, त्यामुळे मशीनचा नाद नको.

व्हिडिओत परदेशी लोक ४ इंच जाड फळा लावतात. एवढा लागतो का? उंची किती ठेवू? लाकूड पकडायला शिकंजा कोणता घेऊ? गावातल्या सुतारकाकांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, "टेबलावर सुतारकी करतेत का बापा?"

झाडीपट्टी
पांदणभाऊ, बाकी सगळं नंतर. आधी धुऱ्यावरच्या सागाचा विचार डोक्यातून काढा. साग स्वतःच्या शेतातला असला तरी महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आहे. परवानगीशिवाय कापता येत नाही, आणि कापलेलं लाकूड आरा मशीनवर न्यायचं तर वाहतूक पासही लागतो. मोह, आंबा, चिंच, बिजा, हळदू, तिवस, ऐन, अंजन, जांभूळ हीसुद्धा त्याच यादीत आहेत. बाभूळ त्यात नाही. मी वडशाकडचा, आमच्याकडे प्रत्येक घरात एक माणूस असा असतो ज्याला हे तोंडपाठ असतं.

आणि समजा मिळाली परवानगी, तरी आज कापलेला साग यंदा कामाचा नाही. एक इंच जाडीला सावलीत एक वर्ष, हा जुना हिशेब. तुमच्या मयाली कवेलूखाली कित्येक उन्हाळे तापल्या आहेत, इतकं वाळलेलं लाकूड टालावर पैसे मोजूनही मिळत नाही. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी आमच्या बल्लारशाहून सागवान गेलं तेव्हा गावात सगळे छाती फुगवून फिरत होते. तुमच्याकडे तसाच माल घरात पडला आहे आणि तुम्ही बाभळीकडे बघताय!

मुक्काम_पुणे
मूळ मी कारंज्याचा, आता पुण्यात फ्लॅटमध्ये. माझं मत वेगळं आहे. एवढा जुना साग वर्कबेंचला घालवू नका, त्याचं कपाट नाहीतर झोपाळा करा. बेंचला १९ मिमी प्लायचे दोन थर एकमेकांवर चिकटवा, खाली चौरस पाइपचा सांगाडा वेल्ड करून घ्या, दोन दिवसांत तयार. प्लाय साध्या लाकडाएवढं फुगत नाही, आकसत नाही. माझ्या बाल्कनीत हेच आहे.

वखर_डवरा
पांदणभाऊ, सुतारकाका हासले त्यात त्याइची चूक नाई. आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या सुतारकी. आमचा बाप जमिनीवर बसूनच वखर, डवरे, तिफनी, बंडीचे चाकं करे. टाचेनं लाकूड दाबून धरे अन् समोर जमिनीत गाडलेला बाभयीचा ठोकया. थोच त्याचा बेंच. तवा बलुतं होतं, सुगीत ज्वारी घरी ये. ट्रॅक्टर आले अन् वखराचं काम गेलं, बसून काम करनारे बी गेले. पन साठी आली तवा बापाचे गुडघे पार कामातून गेले ना भाऊ. मी आता उभा राहूनच रंधा मारतो. म्हनून सांगतो, करा बेंच, कोनाच्या हासन्यावर जाऊ नोका.

पुन्याच्या भाऊले एक सांगतो, पाइपाचा सांगाडा हलका रायते. रंधा मारनाऱ्याले वजन पाह्यजे. बेंच हालला का अर्धा जोर वाया.

मुक्काम_पुणे
वखरभाऊ, वजनाचं मान्य. मी खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवली आहेत.

वखर_डवरा
मंग लाकूडच काऊन नाई ठेवत?

निदेशक_निवृत्त
मी आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवत होतो, आता अचलपूरला असतो. प्लायची सूचना हसण्यावारी नेऊ नका. ज्याच्याकडे लाकूड नाही त्याने तेच करावं. फक्त प्लायच्या जागी एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, घेऊ नका. आपल्याकडच्या गळक्या ओसरीत पहिल्या पावसात त्याच्या कडा फुगतात आणि परत बसत नाहीत. पांदणरस्ता यांच्याकडे मात्र वाळलेला साग आहे, म्हणून सल्ला वेगळा.

आधी मापं. मयालीची ६ इंचाची बाजू मधोमध चिरली की ५ इंच रुंद आणि पावणेतीन इंचांच्या आसपास जाड असे दोन तुकडे निघतात. साडेपाच फुटांचा बेंच पुष्कळ झाला. ९ फुटी मयालीचे आधी साडेपाच आणि साडेतीन फूट असे दोन भाग करा. लांब भाग चिरून फळ्याला, आखूड भाग न चिरता पायाला. तीन मयालींतून सहा फळ्या निघतात, तुम्हाला पाच पुरे, कडा सरळ करून बावीस-तेवीस इंच रुंदी भरेल. चौथ्या मयालीत उरलेला पाय आणि आडव्या पट्ट्या. सगळं मिळून वजन नव्वदेक किलोच्या घरात जाईल. वाळूची पोती लागणार नाहीत.

४ इंचांचा हट्ट सोडा. त्यातले बरेच जण पाइनसारखं हलकं लाकूड वापरतात, म्हणून जाडी वाढवतात. सागाला पावणेतीन इंच भरपूर.

आता मुख्य गोष्ट, ती व्हिडिओत सांगत नाहीत कारण त्यांच्याकडे आपल्यासारखा मे आणि आपल्यासारखा जुलै एका अंगणात येत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत, दोन महिन्यांत तीच हवा ओलीचिंब. लाकडातला ओलावा तेवढ्यात सहाएक टक्के वरखाली होऊ शकतो. सपाट चिरलेला साग ओलाव्याच्या दर टक्क्याला रुंदीत ०.२ टक्क्यांच्या जवळपास हलतो. बावीस इंचांच्या फळ्याला हिशेब करा: पाव इंच, म्हणजे दोन सूत. उभ्या रेषांची, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे चिरलेली फळी असली तर जवळपास निम्मं. लांबीत काही होत नाही.

म्हणून फळा पायांना चारी बाजूंनी स्क्रूने जखडला की पावसाळ्यात एकतर फळा उलतो नाहीतर सांधे उघडतात. पुढच्या दोन पायांवर फळा पक्का करा, मागच्या पायांच्या पट्टीत स्क्रूसाठी भोकं लांबट ठेवा. मग फुगणं-आकसणं सगळं मागे जातं आणि पुढची कड, जिथे शिकंजा असतो, ती पायांच्या रेषेत राहते.

पांदणरस्ता
सर, खूप आभार. हे दोन सुताचं गणित माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. आरा मशीनवाला मात्र मयाली बघूनच नाही म्हणाला. जुन्या लाकडात खिळे असतात, पट्टा तुटतो म्हणे.

जवसफूल
तो बरोबरच म्हणतो दादा, पट्ट्याचा खर्च त्याच्या डोक्यावर. जुन्या स्पीकरचं मोठं चुंबक दोरीला बांधा आणि मयालीवरून इंच-इंच फिरवा. जिथे ओढ लागेल तिथे खडूची खूण. खिळ्याचं डोकं गंजून गेलेलं असतं, म्हणून बाजूने पटाशीने उकरून पकडीने काढावं लागतं. काळा डाग दिसला की समजायचं आत लोखंड आहे, सागातल्या द्रव्याशी लोखंडाची गाठ पडली की लाकूड काळं पडतं. सगळे निघाल्यावर त्याच्यासमोर परत चुंबक फिरवून दाखवा. मी सेलूकडच्या आरा मशीनवर असंच केलं, वर पट्टा तुटला तर पैसे माझे असंही कबूल केलं, तेव्हा कुठे त्याने लाकूड आऱ्याच्या गाडीवर चढवलं.

मी घरीच मुलांची खेळणी आणि पाट करते. बाईमाणूस आरा मशीनवर आलं की आधी सगळे काम थांबवून बघतात, नंतर चहा विचारतात.

रेल्वेच्या जुन्या स्लीपरचं लाकूड कुणी स्वस्तात देतो म्हणालं तर घेऊ नका. त्यात क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवायचं डांबरी तेल, मुरलेलं असू शकतं, घराच्या आत त्याची धूळ नको.

वखर_डवरा
बाभयीचं सांगतो. सालीसकट पडून असन त वरच्या पांढऱ्या लाकडाले घुण लागलाच असन. आतला लाल गाभा पाहा, थो पक्का रायते. आमच्याकडे बाभूय कापली का नाल्याच्या डोहात टाकत, काही महिने पान्यात राहू देत. मंग सावलीत वायवत. त्यानं घुण कमी लागते. तुमच्या खोडाचे आताच चिरून तुकडे करा, दोन्ही तोंडाले जुना ऑइलपेंट फासा, नाईत उन्हात उभ्या चिरा पडतात. फळ्यांच्या मधात काड्या ठेवून थप्पी मारा. पायाले यंदा वापरू नोका, वल्ली बाभूय वायता वायता पिळा घेते.

पन मोगरी, मेखा, रंध्याचा अडसर, थे बाभयीचेच करजा. साग मोगरीले नरम पडते.

निदेशक_निवृत्त
वखरभाऊंनी लाख मोलाचं सांगितलं. पाण्यात ठेवल्याने लाकडातला पिष्टमय भाग कमी होतो आणि किड्याला तोच हवा असतो. पुस्तकात वेगळ्या शब्दांत हेच लिहिलेलं आहे.

पांदणरस्ता
उंचीचं कुणीच बोललं नाही. माझी उंची ५ फूट ७ इंच.

निदेशक_निवृत्त
सरळ उभं राहा, हात सैल सोडा, मनगटाची घडी जमिनीपासून किती आहे ते मोजा. बेंच तेवढा किंवा थोडा खाली. तुमचं माप ३२-३३ इंचांत येईल.

झाडीपट्टी
सर, ३३ नको. ते बारीक कामाला, कोरीवकामाला ठीक. दिवसभर रंधा मारायचा तर अंगाचं वजन वरून पडलं पाहिजे. मुठीच्या गाठी जिथे येतात तेवढाच ठेवा, ३० इंच. माझा ३० चा आहे.

निदेशक_निवृत्त
तुमची उंची किती?

झाडीपट्टी
५ फूट ३ इंच.

निदेशक_निवृत्त
मग वाद मिटला. पांदणरस्ता, पाय ३३ च्या हिशेबाने कापा. जास्त वाटलं तर खालून कापता येतो, वरून जोडता येत नाही.

जवसफूल
आणि बैल कोरणार असाल तर उंचच बरा. वाकून कोरलं की मान धरते.

पांदणरस्ता
मयाली चिरून आणल्या. आतून सोन्यासारखा रंग निघालाय! पाय आणि पट्ट्यांचे सांधे कसे करू? खाच-कुसू (एका लाकडात खाच, दुसऱ्याचं बारीक केलेलं टोक म्हणजे कुसू तिच्यात) येतं मला, पण दर वेळी थोडं ढिलं राहतं. फेविकॉलने भागेल?

वखर_डवरा
ढिल्या कुसूले फेविकॉल धरत नाई भाऊ. जुन्या दाराच्या चौकटी पाह्यल्या का कधी? कोपऱ्यात बांबूची मेख दिसते. थेच करा. खाचेच्या दोन्ही गालाले आरपार भोक पाडा. मंग कुसू आत टाकून त्याच्यावर त्या भोकाची खून करा, बाहेर काढा, अन् कुसूचं भोक त्या खुनेपासून अर्धा सूत खांद्याकडे, म्हंजे कुसू जिथून सुरू होते तिकडे, सरकवून पाडा. मेखेचं टोक निमुयतं करून ठोकली का मेख सांध्याले आत ओढते. वायलेला जुना बांबू पाह्यजे, हिरवा नाई. उद्या बेंच हालवाचा असला त मेख ठोकून काढता बी येते.

जवसफूल
वरच्या फळ्या जोडताना फेविकॉल लागेलच, तो सकाळी सहा-सातलाच लावा. उन्हाळ्यात दुपारी लावला तर पाचवी फळी ठेवेपर्यंत पहिलीवर साय धरलेली असते. आधी कोरडं जुळवून बघा, रेषा एका दिशेला जातील अशा फळ्या लावा, नाहीतर नंतर रंधा एका फळीवर छान चालतो आणि शेजारचीवर पापुद्रे उचकटतो. क्लॅम्प कमी असतील तर दोन्ही बाजूंना आडवी लाकडं ठेवून दोरी आवळा आणि मधून काठीने पीळ द्या.

मुक्काम_पुणे
शिकंज्याबद्दल मी बोलू का, की त्यालाही बाभूळ?

पांदणरस्ता
बोला हो दादा, तुमचंच ऐकायचं राहिलंय.

मुक्काम_पुणे
तयार सुतारी शिकंजा ७ इंची घ्या, बसवायला सोपा. स्वस्तातला उपाय हवा असेल तर स्लॅबच्या सेंट्रिंगला जे स्क्रूजॅक लावतात त्यातला एखादा जुना बघा. जाड आट्यांचा दांडा आणि नट दोन्ही मिळतात. नट पायाच्या मागून बसवायचा, दांडा पायातून आरपार, पुढे लाकडाचा लांब जबडा. खाली एक पट्टी आणि खुंटी, म्हणजे जबडा तिरका होत नाही. पाय ५ इंची असल्यामुळे तुम्हाला हे जमेल, माझ्या पाइपाला जमलं नाही. जबडा आणि पाय जिथे वस्तूला टेकतात तिथे दोन्हीकडे जुनी चामडी चप्पल कापून चिकटवा, वस्तूवर ओरखडे येत नाहीत.

निदेशक_निवृत्त
उत्तम. भर एवढीच की आता उन्हाळ्यात जबड्याची पट्टी खाचेत घट्ट बसवू नका. जुलैत ती फुगून अडकेल. आज थोडी खडखडली तरी चालेल.

जवसफूल
शिकंज्याआधी लोहाराकडे जा दादा. १८ मिमीच्या गुळगुळीत गजाचा वाकडा आकडा करून घ्या. फळ्यात २० मिमीचं सरळ भोक पाडायचं, आकडा त्यात टाकून वरून मोगरीचा एक ठोका. लाकूड जागचं हलत नाही. काढायचं तर मागून एक ठोका. बैलाचं वशिंड कोरताना हाच कामाला येतो, शिकंज्यात तो गोल आकार धरवत नाही. फक्त बांधकामाची पीळवाली सळई नको, ती भोकाचं वाटोळं करते.

पांदणरस्ता
लोहारकाकांनी दोन आकडे करून दिले, वर विचारलं, "हे काय मासे पकडाले?" बेंच उभा झाला आहे. फळा सपाट करायचं काम चालू. सुतारकाका रोज येऊन पाहतात, काल स्वतःच दोन सरळ पट्ट्या दोन टोकांना उभ्या ठेवून एका डोळ्याने बघत होते आणि कोणता कोपरा उंच आहे ते सांगत होते. उद्या रंधाही तेच घेऊन येतो म्हणाले. आता वाळवी आणि पॉलिशचं सांगा. ओसरीची जमीन शेणा-मातीची आहे. घरात जळालेलं इंजिन ऑइल आहे, फासू का?

निदेशक_निवृत्त
फळ्याला जळकं ऑइल अजिबात नको. वस्तूंना डाग लागतात आणि पुढे त्यावर ना पॉलिश बसत ना फेविकॉल. पायांखाली फरशीचे सपाट तुकडे ठेवा, मातीशी थेट संबंध नको. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा हात लावत नाही, पण कडेला फिकट पट्टा असेल तिथे लावते. तिथे बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी ब्रशने मुरवा. भिंतीपासून बेंच वीतभर लांब ठेवा, म्हणजे वाळवीची मातीची नळी चढताना दिसते.

पॉलिशला जवसाचं तेल. आपल्या भागात पिकतं, पण घाण्यावरचं कच्चं तेल वाळायला आठवडे घेतं, म्हणून रंगाच्या दुकानातलं उकळलेलं घ्या. पातळ हात मारा, पंधरा मिनिटांनी जादा पुसून काढा, दोन दिवसांनी दुसरा हात.

एक गोष्ट विसरू नका. तेल पुसलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. जवसाचं तेल वाळताना गरम होतं, गोळा केलेल्या चिंध्या आपोआप पेट घेतात, आणि खाली रंध्याचा भुसा असतोच. चिंध्या तारेवर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा. वर्कशॉपमध्ये मी पोरांना हत्यार देण्याआधी हे शिकवत असे.

वखर_डवरा
हे मले बी नव्हतं मालूम सर. आमच्या घरी त चिंधी खुंटीलेच लटकवत.

निदेशक_निवृत्त
खुंटीवर मोकळी लटकली म्हणूनच घर राहिलं.

पांदणरस्ता
तेलाचे दोन हात झाले, चिंध्या तारेवर. आता एकच अडचण. लोहाराचा आकडा आधी छान धरत होता, तेल दिल्यापासून भोकात घसरतो. दोन-तीन ठोके दिले तरी हातानेच निघून येतो. भोक मोठं झालं का?

जवसफूल
भोक ठीक आहे, आत तेल गेलंय. काडीला कोरडं फडकं गुंडाळून भोक आतून पुसा आणि वाळू द्या. मग आकड्याच्या दांड्यावर कानशीने आडवे ओरखडे मारा, उभे नाही. गुळगुळीत लोखंड घसरतं, आडवी रेघ लाकडाला धरते. एवढं करूनही सुटला तर लोहाराकडून मान थोडी आणखी वाकवून आणा. टोक आधी टेकलं पाहिजे, दांडा भोकात तिरका अडकला पाहिजे. पुढच्या वेळी तेल देताना भोकांत कागदाचे बोळे कोंबून ठेवा.